चार येनांची गोळी आणि हाँगकाँगचा बाजार

६ ऑगस्ट २०१२ रोजी हाँगकाँगच्या शेअर बाजारात डायनाम जपान होल्डिंग्ज या कंपनीची नोंदणी झाली. शेअरचा भाव ठरला होता १४ हाँगकाँग डॉलर, आणि विक्रीतून उभे राहिले सुमारे १६० कोटी हाँगकाँग डॉलर. कंपनीची साडेतीनशेच्या आसपास दालनं होती, पाचिंको या पोलादी गोळ्यांच्या यंत्रखेळाची, आणि ती सगळी जपानमध्ये. गिऱ्हाईक जपानी, नोकरवर्ग जपानी, यंत्रं जपानी. हाँगकाँगमध्ये तिचं एकही दालन नव्हतं. तरी भांडवलासाठी तिला समुद्र ओलांडावा लागला, कारण टोकियोच्या बाजाराने पाचिंकोचं दालन चालवणाऱ्या एकाही कंपनीला तोवर आत घेतलं नव्हतं.

पाचिंकोची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना मात्र जपानी बाजाराने कधीच जागा दिली होती. हेइवा ही कंपनी १९८८ मध्येच जपानी शेअर बाजाराच्या वाटेने गेली. नंतर सांक्यो आली, आणि २००४ मध्ये सॅमी आणि सेगा एकत्र येऊन सेगा-सॅमी झाली. म्हणजे यंत्र बनवणारा प्रतिष्ठित उद्योजक, आणि तेच यंत्र विकत घेऊन दालनात मांडणारा दाराबाहेर. हा भेद का, हे नीट पाहिलं की पाचिंकोचं सगळं अर्थकारण उलगडतं. म्हणून हे एकच प्रकरण मी अभ्यासाला घेतलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: हा धंदा जितका पोलादी गोळ्यांवर चालतो तितकाच एका न बोललेल्या गोष्टीवर चालतो, आणि त्या न बोलण्याची किंमत कुणाला तरी रोज मोजावी लागते.

गोळीचा रस्ता

पाचिंकोचं यंत्र म्हणजे उभा ठेवलेला, काचेआडचा खिळ्यांचा पाट. ११ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी वर उडवायची, ती पितळी खिळ्यांवर आपटत खाली येते आणि एखाद्या कप्प्यात शिरली तर आणखी गोळ्या मिळतात. नाहीतर तळाच्या भोकातून नाहीशी होते. गोळ्या विकत मिळत नाहीत, त्या भाड्याने मिळतात. नियमाने एका गोळीचं भाडं जास्तीत जास्त ४ येन (कराचा भाग वेगळा), म्हणजे १००० येनला २५० गोळ्या. यंत्र मिनिटाला १०० पेक्षा जास्त गोळ्या उडवू शकत नाही, हीसुद्धा नियमाचीच मर्यादा. काहीही न जिंकता नुसता दांडा धरून बसलात तर अडीच मिनिटांत हजार येन संपतात.

खेळाचं मूळ १९२०च्या दशकात जपानमध्ये आलेल्या कोरिंथियन नावाच्या पाश्चात्त्य खेळण्यात आहे. नागोया हे त्याचं माहेर. महायुद्धात बंदी आली, आणि युद्धानंतर नागोयाच्याच ताकेइची मासामुरा यांनी खिळ्यांची जी मांडणी बसवली तिच्यावर आजचा पाट उभा आहे. खायला अन्न नव्हतं, सिगारेट मिळत नव्हती, तेव्हा गोळ्यांच्या बदल्यात सिगारेट देणारी दालनं गल्लोगल्ली निघाली. पुढचं मोठं वळण १९८०चं. सांक्योच्या ‘फीव्हर’ यंत्रात मध्यभागी फिरणारे आकडे आले, आणि हाताच्या कौशल्याचा खेळ सोडतीचा खेळ झाला.

आता कायदा. १९०७ च्या जपानी दंडसंहितेचं कलम १८५ जुगाराला बंदी घालतं, पण एक सूट देतं: तात्पुरत्या करमणुकीपुरती वस्तू पणाला लावली असेल तर तो गुन्हा नाही. या सुटीवरच पाचिंको उभा आहे. दालनांना परवाना मिळतो तो १९४८ च्या करमणूक-व्यवसाय कायद्याखाली, आणि देखरेख पोलिसांची. त्याच कायद्याचं कलम २३ सांगतं की दालनचालकाने बक्षीस म्हणून रोख रक्कम किंवा रोखे द्यायचे नाहीत, आणि दिलेलं बक्षीस परत विकतही घ्यायचं नाही.

मग खेळणाऱ्याच्या हातात पैसे येतात कुठून? गिऱ्हाईक गोळ्या मोजून घेतो आणि काउंटरवर देतो. तिथे चॉकलेटं, साबण, चहाची पाकिटं मांडलेली असतात. ती फार थोडे घेतात. बाकीच्यांना मिळते एक लहानशी चकती किंवा कार्ड, प्लास्टिकमध्ये बंद केलेला सोन्याचा किंवा चांदीचा तुकडा. जपानीत हिला ‘तोकुशू केइहिन’ म्हणतात, विशेष बक्षीस. ती घेऊन गिऱ्हाईक बाहेर पडतो, दालनाच्या बाजूला किंवा मागच्या गल्लीत एक खिडकी असते, तिथे चकती सरकवतो आणि आतून नोटा येतात. खिडकीवाला चकत्या घाऊक व्यापाऱ्याला विकतो आणि घाऊक व्यापारी त्या दालनाला विकतो. वर्तुळ पूर्ण झालं. तिघांची मालकी वेगळी, खाती वेगळी. कायद्याच्या नजरेने दालनाने कुणाला पैसे दिलेले नाहीत आणि आपलं बक्षीस परत विकत घेतलेलं नाही. याला ‘सांतेन होशिकी’ म्हणतात, तीन दुकानांची पद्धत.

ही पद्धत कुणा धूर्त वकिलाने एका रात्रीत शोधून काढली असं समजू नये. युद्धानंतरच्या वर्षांत चकत्यांची खरेदी गुंडांच्या टोळ्यांच्या हातात होती. त्यांना हटवायचं होतं. ओसाकात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम युद्धविधवा आणि अपंगांच्या कल्याणासाठी चालणाऱ्या व्यवस्थेकडे सोपवलं गेलं आणि हाच नमुना पुढे पसरला. टोकियोत १९९० च्या सुमारास सोन्याच्या तुकड्यांची एकसारखी व्यवस्था आली. सोनं घेण्याचं कारण व्यवहारी होतं: वस्तूला खरी बाजारकिंमत हवी, नाहीतर ती नुसती पैशाची पावती ठरते. याचा एक परिणाम असा की सोन्याचा भाव चढला की चकतीची किंमत वाढवावी लागते, नाहीतर लोक खिडकीवर न जाता सोनाराकडे जातील.

मराठीत याला ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. पण या भांड्यानेच टोळ्यांना धंद्याबाहेर काढायला मदत केली, हेही तितकंच खरं आहे.

दोन खिळ्यांमधली फट

दालन कमावतं कसं, हे कळायला खिळ्यांकडे यावं लागतं. पाटाच्या मध्यभागी खाली एक छोटा कप्पा असतो, त्याला ‘हेसो’ म्हणजे बेंबी म्हणतात. गोळी तिथे शिरली की पडद्यावर आकडे फिरतात, म्हणजे एक सोडत होते. मोठ्या जातीच्या यंत्रात जिंकण्याची शक्यता ३१९ सोडतींत एक अशी असते. ही शक्यता यंत्राच्या सीलबंद चिपमध्ये आहे, तपासणी झाल्यावर दालन तिला हात लावू शकत नाही. मग दालनाच्या हातात काय उरतं? बेंबीच्या वरचे दोन खिळे. त्यांना ‘इनोची-कुगी’ म्हणतात, जीवाचे खिळे. त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशाने कमी-जास्त झाली की हजार येनात किती सोडती होणार ते बदलतं.

हिशेब करून पाहू. २५० गोळ्यांत १७ सोडती होत असतील तर पहिल्या मोठ्या जिंकण्यापर्यंत सरासरी खर्च सुमारे १८,८०० येन. फट किंचित आवळली आणि १५ सोडती झाल्या तर तोच खर्च सुमारे २१,३००. डोळ्याला न दिसणाऱ्या फरकाने दर जिंकण्यामागे अडीच हजार येन दालनाकडे सरकले. पूर्वी रात्री दालन बंद झाल्यावर हातोडी घेऊन बसणारा ‘कुगीशी’ हा दालनाचा सगळ्यात मोलाचा माणूस असायचा. कारखान्यातून आलेली मांडणी अशी बदलणं खरं तर नियमात बसत नाही. २०१५-१६ मध्ये हा प्रश्न उघड्यावर आला आणि तपासणीला दिलेल्या नमुन्याशी न जुळणारी सात लाखांच्या वर यंत्रं दालनांतून काढून टाकावी लागली. पाचिस्लॉट नावाच्या, फिरत्या चाकांच्या जोडयंत्रात मात्र जिंकण्याच्या शक्यतेच्या १ ते ६ अशा पातळ्या कायदेशीरपणे बदलता येतात. कोणत्या यंत्राची पातळी आज काय आहे, हे ओळखण्यासाठी सकाळी रांगेत उभे राहणारे लोक त्यामुळेच दिसतात.

कमाईचा दुसरा रस्ता साधा आहे. ४ येनला भाड्याने दिलेली गोळी परत घेताना ४ येनलाच धरायची, की साडेतीनला, की अडीचला? दर जितका कमी, तितका दालनाला खिळे सैल ठेवण्याला वाव. गिऱ्हाइकाला गोळ्या भरपूर सुटताना दिसतात, खेळ लांबतो, आणि मधला फरक दालनाकडे राहतो.

गल्ला आणि उरलेलं

पाचिंकोबद्दल इंग्रजी बातम्यांमधून आपल्याकडे येणारा आकडा डोळे दिपवणारा असतो: ‘वर्षाला २०० अब्ज डॉलर, लास व्हेगासच्या तीसपट.’ हा आकडा खोटा नाही, पण तो काय मोजतो हे सांगितलं जात नाही. जपानच्या दरवर्षीच्या फुरसत-श्वेतपत्रिकेत पाचिंकोची उलाढाल दिलेली असते. २००५ मध्ये ती जवळपास ३५ लाख कोटी येन होती, २०१३ मध्ये सुमारे १८.८ लाख कोटी. पण ही रक्कम म्हणजे भाड्याने दिलेल्या गोळ्यांचा एकूण गल्ला. यातला बराच मोठा भाग बक्षिसाच्या रूपाने गिऱ्हाइकाकडे परत गेलेला असतो. व्हेगासच्या कॅसिनोचा जो आकडा छापतात तो मात्र जिंकलेल्यांचे पैसे देऊन उरलेला असतो. एका बाजूला गल्ला आणि दुसऱ्या बाजूला उरलेलं धरून केलेली तुलना म्हणजे किराणा दुकानाच्या विक्रीची दुसऱ्याच्या नफ्याशी तुलना.

डायनामच्या हाँगकाँगमधल्या नोंदणीचं मोल मला इथे दिसतं. आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीने तिला दोन्ही आकडे वेगळे दाखवावे लागले. मार्च २०१३ ला संपलेल्या वर्षात गोळ्यांचा गल्ला सुमारे ९३ हजार कोटी येन, आणि बक्षिसं वजा जाता महसूल सुमारे १६ हजार ४०० कोटी. म्हणजे शंभर येनमधले साधारण साडेब्याऐंशी परत गेले आणि साडेसतरा उरले. या साडेसतरातून पगार, यंत्रं, भाडं, वीज, कर. संपूर्ण उद्योगाला हेच प्रमाण ढोबळपणे लावलं तर २०१३ च्या १८.८ लाख कोटी येनांतून दालनांकडे उरले तीन-सव्वातीन लाख कोटी, तेव्हाच्या दराने तीसेक अब्ज डॉलर. हा माझा अंदाज आहे, पण दिशा पुरेशी स्पष्ट आहे. त्याच वर्षी एकट्या मकावच्या कॅसिनोंकडे सुमारे ४५ अब्ज डॉलर उरले होते. पाचिंको मोठाच आहे, तीसपटीचा राक्षस नाही.

गल्ला की उरलेलं, हा वाद आपल्याला परका नाही. ऑक्टोबर २०२३ पासून गोव्याच्या कॅसिनोंमध्ये चिप्सच्या पूर्ण दर्शनी मूल्यावर २८ टक्के जीएसटी लागू झाला, त्याच्या आसपास पणजीच्या मांडवीवरच्या जहाजांपासून दिल्लीपर्यंत हाच प्रश्न चर्चेत होता. कर कशावर धरायचा हे ठरलं की धंदा जगतो की बुडतो तेही बऱ्याच अंशी ठरतं.

किरकोळ दुकानदाराचं डोकं

डायनामची सुरुवात १९६७ मध्ये टोकियोच्या कात्सुशिका भागात दोन दालनांनी झाली. संस्थापकांचे चिरंजीव योजी सातो हे दाइए या मोठ्या किरकोळ विक्री साखळीत नोकरीला होते. वडील गेल्यावर १९७० मध्ये ते घरच्या धंद्यात आले आणि साखळी दुकानांची शिस्त बरोबर घेऊन आले. पाचिंको हा तोवर मालकाच्या नजरेवर आणि कुगीशीच्या हातोडीवर चालणारा धंदा होता. सातोंनी तो सुपरमार्केटसारखा मांडायला घेतला. शहराच्या स्टेशनासमोरची महाग जागा सोडून तीस-पन्नास हजार वस्तीच्या गावाबाहेर हमरस्त्यालगत भाड्याची जमीन, मोठा वाहनतळ, आणि जवळपास एकाच नकाशावर बांधलेली, कमी खर्चाची, एकमजली दालनं. एका दालनात जुनी झालेली यंत्रं वितरण केंद्रामार्फत दुसऱ्या दालनात फिरवायची, म्हणजे नवं यंत्र कमी विकत घ्यावं लागतं.

यंत्रांचा खर्च किती छळतो, ते एका उदाहरणाने सांगतो. नवं यंत्र साधारण चार लाख येनला पडतं. समजा त्यावर दिवसाला तीन हजार येन उरतात. मग नुसती किंमत वसूल व्हायला साडेचार महिने लागले. पण गिऱ्हाइकाला नवं हवं असतं, आणि शेजारच्या दालनात नवं आलं की आपल्याकडची खुर्ची रिकामी. काही यंत्रं पैसे वसूल होण्याआधीच भंगारात जातात, आणि तो खर्च खिळ्यांतून खेळणाऱ्याकडूनच काढला जातो. फट आवळली जाते, गिऱ्हाईक हरून उठतो, त्याला परत आणायला आणखी नवं यंत्र लागतं. या चक्रात यंत्र बनवणारा वाढला आणि दालन झिजत गेलं.

डायनामने याला उत्तर दिलं ते स्वस्त खेळाचं. चार येनांऐवजी एक येनला गोळी. २००६-०७ नंतर ही ‘एक येनची पाचिंको’ देशभर पसरली आणि डायनामने तिच्यासाठी वेगळी दालनंच काढली. गिऱ्हाईक मुख्यतः वयस्क, निवृत्त, दुपार घालवायला येणारे. यंत्राची किंमत तीच, वीज तीच, उत्पन्न मात्र फार कमी. म्हणून इथे नवं यंत्र परवडत नाही, जुनंच फिरवावं लागतं. ज्याची साखळी मोठी त्यालाच हे जमतं. एक-दोन दालनांच्या कुटुंबाला नाही.

टोकियोचं दार

आता मूळ प्रश्न. टोकियोने दार का उघडलं नाही? नफा नव्हता म्हणून नाही. अडचण खिडकीची होती. शेअर बाजारात नोंदणी करणाऱ्याला धंदा कायदेशीर असल्याची खात्री द्यावी लागते. तीन दुकानांच्या पद्धतीला पोलिसांनी कधी बंद केलं नाही, आणि ती कायदेशीर आहे असं संसदेने कायद्यात कधी लिहिलंही नाही. अळीमिळी गुपचिळी. उद्या कुणी न्यायाधीशाने तिन्ही दुकानं मिळून एकच दुकान आहे असं म्हटलं तर काय, या शंकेपुढे टोकियोचे तपासनीस थांबत. हाँगकाँगच्या बाजाराने दुसरा मार्ग घेतला: जपानी वकिलांची मतं, तिन्ही पक्ष एकमेकांपासून स्वतंत्र असल्याचे पुरावे आणि हा धोका माहितीपत्रकात स्पष्ट छापणं. गुंतवणूकदाराने वाचावं आणि ठरवावं. डायनामच्या कागदपत्रांत या विशेष बक्षिसांना ‘जी-प्राइझ’ असं नाव देऊन त्यांची पूर्ण फिरती कथा नोंदवलेली आहे. जपानमध्ये जे दबक्या आवाजात बोललं जातं, ते हाँगकाँगच्या बाजारात आकृती काढून समजावून सांगितलं गेलं. पुढे निराकू २०१५ मध्ये आणि ओकुरा २०१७ मध्ये त्याच वाटेने गेल्या.

बंद दाराचा खर्च मोठा होता. दालनमालकांमध्ये कोरियन वंशाच्या कुटुंबांचं प्रमाण फार मोठं आहे. युद्धानंतर नोकऱ्यांची दारं बंद असलेल्या या समाजाला जे धंदे उरले त्यांत हा एक होता. सगळ्यात मोठ्या दालन कंपन्यांतली एक, मारुहान, हिचे संस्थापक हान चांग-उ हे १९३१ मध्ये कोरियात जन्मले, किशोरवयात जपानला आले आणि क्योतो प्रांतातल्या मिनेयामा या लहान गावातून त्यांनी सुरुवात केली. मधे बोलिंगच्या धंद्यात प्रचंड कर्जात गेले आणि पाचिंकोने सावरले. अशा मालकांना जपानी बँका सहज उभं करत नसत, म्हणून त्यांच्या स्वतःच्या पतसंस्था होत्या. १९९७ मध्ये चोगिन ओसाका आणि २००० मध्ये कान्साई कोगिन या मोठ्या पतसंस्था कोसळल्या, तेव्हा तोही आधार ढासळला. शेअर बाजार नाही, पतसंस्था नाही, उरलं ते बँकेचं तारणी कर्ज आणि दालनाखालची जमीन. धंदा वाढत असताना हे चालतं. गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं की कर्जाचा हप्ता मात्र तसाच राहतो.

करही नको

न बोलण्याची किंमत सरकारही मोजतं. २०१४ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या काही खासदारांनी पाचिंकोवर एक टक्का कर लावण्याची कल्पना पुढे आणली. वर्षाला सुमारे २० हजार कोटी येन मिळतील असा हिशेब होता. पण कर कशावर? चकतीचे पैसे होतात त्यावर. म्हणजे आधी पैसे होतात हे कबूल करावं लागणार. बैठकीत पोलिसांकडून, अशी अदलाबदल होते याची आम्हाला कल्पना नाही, अशा अर्थाचं उत्तर आल्याचं तेव्हा छापून आलं, आणि कल्पना तिथेच विरली. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, मंत्रिमंडळाच्या लेखी उत्तरात मान्य केलं गेलं की गिऱ्हाईक मिळालेलं बक्षीस दालनचालकाखेरीज तिसऱ्या कुणाला तरी विकतो याची सरकारला कल्पना आहे, आणि कायद्याच्या चौकटीत चालणारं दालन जुगाराच्या गुन्ह्यात येत नाही. एवढं म्हणायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. आजही पाचिंकोवर वेगळा जुगार-कर नाही. दालनं इतर कंपन्यांसारखा कंपनी-कर आणि उपभोग-कर भरतात.

आटणारं तळं

नोंदणीनंतर डायनाम वाढली, २०१५ मध्ये युमे कॉर्पोरेशन ही कंपनी घेतल्यावर तिची दालनं साडेचारशेच्या जवळ पोचली. पण गुंतवणूकदाराच्या हाती फारसं लागलं नाही. २०२४ मध्ये शेअरचा भाव १४ डॉलरच्या निम्म्याच्याही खाली होता. दोष व्यवस्थापनाचा म्हणता येणार नाही, तळंच आटत चाललं होतं. १९९५ मध्ये जपानमध्ये १८,२४४ दालनं होती, २०२३ अखेर ७,०८३ उरली. खेळणारे तीन कोटींच्या जवळ होते, ते सत्तर लाखांच्या खाली आले. तरुण फोनवर खेळतात. फेब्रुवारी २०१८ पासून नवे नियम आले आणि एका मोठ्या जिंकण्यात सुटणाऱ्या गोळ्या २,४०० वरून १,५०० वर आणल्या गेल्या, त्यामुळे जुनी यंत्रं २०२२ च्या सुरुवातीपर्यंत बदलावी लागली. एप्रिल २०२० मध्ये बंद खोलीत धूम्रपानबंदी आली. त्याच महिन्यात करोनाकाळात उघड्या राहिलेल्या दालनांची नावं ओसाकाच्या राज्यपालांनी जाहीर केली. मग गोळ्यांना हात न लावता खेळायची ‘स्मार्ट’ यंत्रं आली, तीही नव्या जोडणीसकट विकत घ्यायची.

ज्यांच्याकडे भांडवल नव्हतं त्यांचं काय झालं, ते ३० ऑक्टोबर २०२३ ला दिसलं. गाइया या एकेकाळच्या बलाढ्य साखळीने टोकियोच्या न्यायालयात दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. २००६ च्या सुमारास तिची उलाढाल ५८ हजार कोटी येनांच्या वर होती, शेवटी ती १९ हजार कोटींच्या आसपास आली. समूहाची देणी सुमारे ११,३३० कोटी येन, दालनचालकांच्या इतिहासातली सर्वांत मोठी दिवाळखोरी. गाइया शेअर बाजारात नव्हती, मोठी वाढ कर्जावर झाली होती. डायनामकडे हाँगकाँगचं भांडवल आणि स्वस्त खेळाचा सांगाडा होता, म्हणून ती उभी राहिली. तरी तिनेही आपले पैसे दुसरीकडे वळवायला घेतले: आयर्लंडमध्ये कंपनी काढून ती आता विमानं भाड्याने देते. गोळ्या भाड्याने देणाऱ्याने विमानं भाड्याने द्यावीत, यात मला धंद्याची सुसंगतीच दिसते. मालमत्ता विकत घ्यायची, भाड्याने लावायची आणि ती जुनी होण्याआधी पैसे काढायचे, हे काम त्यांना चांगलं येतं.

हे सगळे आकडे शेवटी माणसांच्या खिशातून येतात. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ३.६ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे ३२ लाख लोकांना, आयुष्यात कधीतरी जुगाराच्या व्यसनाची लक्षणं असावीत असा अंदाज निघाला. आधीच्या वर्षभरात लक्षणं असलेले सुमारे ७ लाख होते. त्यांनी सर्वाधिक पैसे घातले ते पाचिंको आणि पाचिस्लॉटवर, आणि त्यांचा जुगारावरचा सरासरी खर्च महिन्याला ५८ हजार येन होता. उन्हाळ्यात दालनांचे कर्मचारी वाहनतळावर फिरून गाड्यांच्या काचांतून आत डोकावतात, कारण आईबाप आत खेळत असताना बंद गाडीत लहान मुलं दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. महसुलाच्या तक्त्यात हा खर्च कुठल्याच ओळीत येत नाही. डायनामचं अर्थकारण समजून घेताना मला तिच्या शिस्तीबद्दल आदर वाटतो, पण ही गोष्ट मनातून जात नाही.

ओसाकाच्या युमेशिमा बेटावर एमजीएम आणि ओरिक्स या कंपन्यांचा कॅसिनो २०३० मध्ये उघडायचा बेत आहे. त्यासाठी २०१८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, म्हणून तिथे चिपचे पैसे समोरच मिळतील, गल्लीतल्या खिडकीवर जावं लागणार नाही. गिऱ्हाइकांना देऊन उरलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे. जपानी माणसाला दारात सरकारी ओळखपत्र दाखवावं लागेल, प्रवेशासाठी ६००० येन भरावे लागतील, आणि आठवड्याला तीन व २८ दिवसांत दहा इतक्याच वेळा आत जाता येईल. खेळाला जुगार म्हटलं म्हणून ही बंधनं घालता आली. पाचिंकोच्या दालनात स्वतःवर खर्चाची मर्यादा घालून घेण्याची सोय आहे, कुटुंबीयांनाही अर्ज करता येतो. पण ती ऐच्छिक आहे. सकाळी दार उघडतं, १८ वर्षांवरचं कुणीही आत जातं, कुणी नाव विचारत नाही, आणि हजाराची नोट यंत्रात सरकवली की गोळ्या खाली पडू लागतात.